क्रोशाची सुई आणि नववीतली मुलगी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



 

संयोजकांनी महिन्यापूर्वी फोन करून विचारलं, "ताई, तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हणाले, "मुलींच्या केसांना लावायच्या वस्तू क्रोशाने कशा करायच्या, त्यावर." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं, पंधरा मिनिटं." आता आपल्यातले कुणी कारखान्यावर अधिकारी झाले, कुणी पोलिसात गेले, कुणी पुण्यात कंपनी काढली. त्यांच्या भाषणांनंतर रबराचं आणि क्लिपांचं काय ऐकायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण पंधरा मिनिटं दिलीच आहेत, तर ऐका.

आपल्या वेळच्या मुलींना केसांचं वेगळं सांगायला नको. दोन वेण्या, दुमडून वर बांधलेल्या, लाल रिबिनी. प्रार्थनेच्या वेळी बाई रांगेतून फिरायच्या. रिबीन सुटलेली दिसली की नुसतं बघायच्या, तेवढं पुरायचं. तेल चापून लावलेलं असायचं. सणावाराला शेवंतीची वेणी, उन्हाळ्यात मोगऱ्याचा गजरा. आपल्या आज्यांकडे गंगावन होतं, खोपा होता, वेणीच्या टोकाला लोंबणारे गोंडे होते. त्या गोंड्यांना विकत आणत नसत, घरातच करत. तेव्हा डोक्याला लावायची वस्तू हाताने करणं ही काही मी काढलेली नवी गोष्ट नव्हे.

क्रोशाही आपल्या घरांतून होताच. रेडिओवरचा रुमाल, मग टीव्हीवरचं कव्हर, दाराचं तोरण, बाळंतविड्यातली टोपडी आणि मोजे. आमच्यातल्या निम्म्या मुली शिवणाच्या तासाला साखळी आणि खांब शिकल्या. लग्नात रुखवतात ते सगळं मांडलं गेलं, पाहुण्यांनी वा वा केलं, आणि सुई पेटीच्या तळाशी गेली. माझीही गेली होती. ती वर कशी आली, ते सांगते.

माझी धाकटी बहीण नदीपलीकडे दौंड तालुक्यात दिली आहे. तिची मुलगी नववीत. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिला मुदतीचा ताप आला, म्हणजे टायफॉईड. औषधोपचार झाले, ताप उतरला, पोरगी हिंडूफिरू लागली. आणि दोन-अडीच महिन्यांनी केस जायला लागले. कंगवा फिरवला की झुपकाच्या झुपका. कानशिलापाशी आणि भांगाशी टाळू दिसायला लागली. घरात सगळे घाबरले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मोठ्या तापानंतर असं होतं. तापाच्या धक्क्याने पुष्कळ केसांची वाढ एकदम थांबते आणि ते दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मुळं शाबूत असतात, काही महिन्यांत केस परत येतात. पोटभर खायचं, केस ओढून बांधायचे नाहीत, धीर धरायचा.

धीर धरा म्हणणं सोपं असतं. चौदा वर्षांच्या मुलीला काही महिने म्हणजे एक जन्म. वर्गात कुणीतरी काहीतरी बोललं. काय बोललं ते तिने आजपर्यंत सांगितलेलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण ती अकरा दिवस शाळेत गेली नाही. रोज सकाळी पोट दुखायचं. बहिणीने ओरडून पाहिलं, दाजींनी मोबाईल देतो म्हणून पाहिलं. तुम्हाला माहीत आहे, आपल्या भागात मुलीची शाळा कधी एका दिवसात सुटत नाही. आधी आठ दिवस, मग पंधरा दिवस, मग परीक्षा, आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, "नाहीतरी आता दहावी झाल्यावर काय करायचंय?" आपल्या वर्गातल्या चार मुली अशाच कमी झाल्या. आज त्या इथे नाहीत. त्यांची आठवण म्हणून हे बोलते आहे, असंही समजा.

काहींना वाटेल, केस गेले म्हणून शाळा सोडायची, एवढं काय त्यात? बाईच्या केसांत काय असतं ते आपल्या महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी नवरा गेला की उच्च जातींतल्या पोरवयाच्या मुलींचंसुद्धा डोकं भादरत होते. तिने लोकांत मिसळू नये, याची ती सोय होती. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिक बांधवांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला, ते उगीच नाही. पंडिता रमाबाईंनी 1887 साली अमेरिकेत छापलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात जगाला हेच दुःख सांगितलं. त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला आणलं, आणि शेवटी त्या कुठे स्थिरावल्या? आपल्या भीमेपलीकडे, केडगावला.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली शेकड्यांनी केडगावला घेऊन आल्या. पुढे 1900 च्या दुष्काळात आणखी आल्या. नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. मुक्ती मिशनमध्ये मुलींना शिवण, विणकाम, शेती, छापखान्याचं काम शिकवलं. बायबलचं मराठी भाषांतर रमाबाईंनी स्वतः केलं आणि ते तिथल्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवून छापलं. माझी बहीण बाजाराला जाते ते हे केडगाव. आपण त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो असू, पण गाडीतून उतरून विचार किती वेळा केला? जिचं जगात कुणी नाही तिच्या हातात आधी एक काम द्यायचं, ही गोष्ट आपल्या शेजारी घडून गेली आहे.

गंमत म्हणजे क्रोशाचा इतिहासही दुष्काळाशी बांधलेला आहे. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि भयंकर दुष्काळ पडला. तिथल्या जोगिणींच्या मठांतून बायकांना क्रोशाची लेस शिकवली गेली आणि ती विकून अनेक घरांनी दिवस काढले. या कामाला माग लागत नाही, जागा लागत नाही, एक सुई आणि दोरा पुरतो. चूल पेटवता पेटवता करता येतं, हेच त्याचं बळ. पुढे हेच त्याचं दुखणंही झालं, त्याकडे मी नंतर येते.

तर भाचीकडे गेले. जाताना पेटीतली सुई आणि दोऱ्याचे दोन गुंडे घेतले. विणकामाचं प्रेम उतू चाललं होतं असं नाही. तिच्याजवळ बसायला काहीतरी निमित्त हवं होतं. मोठ्या माणसाने नुसतं समोर बसून "काय झालं बाळा?" विचारलं की या वयाची मुलं शिंपल्यासारखी मिटतात. हातात काम असलं, नजर दोऱ्यावर असली, की आपोआप बोलतात. हे तुम्ही कुणीही करून बघा.

पहिल्या दिवशी मी पाच पाकळ्यांचं गुलाबी फूल केलं. तिने ते तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "मावशी, मी काय बालवाडीत आहे?" इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली, असं बहीण म्हणाली. तेव्हा सगळ्या आज्यांना आणि मावश्यांना माझी पहिली सूचना: चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसाठी काही करायचं असेल तर आधी तिला विचारा. रंग तिचा, माप तिचं, मोबाईलवर तिने पाहिलेला नमुनाही तिचाच. आपण फक्त टाके सांगायचे. तिला काळी, कपाळालगतची रुंद पट्टी हवी होती. का, ते तुम्ही ओळखलं असेल. कानशिलं झाकायची होती.

आता प्रत्यक्ष काम सांगते. मैत्रिणींनो, कुणाला लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

पट्टीसाठी लोकर घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हात लोकरीने डोकं तापतं, आणि गळणारे केस लोकरीत गुंततात. सुती दोरा घ्या, मध्यम जाडीचा, आणि त्याला साधारण तीन मिलिमीटरची सुई. डोक्याचा घेर टेपने कपाळावरून कानामागून मोजा. या वयाच्या मुलींचा बहुधा 52 ते 55 सेंटिमीटर भरतो. पट्टी त्याहून चारेक सेंटिमीटर कमी करायची, कारण वीण ताणते. जितकी रुंदी हवी तितक्या साखळ्या घाला. मी आठ सेंटिमीटर रुंदी धरली होती. त्यावर एक ओळ मुक्या खांबांची. दुसऱ्या ओळीपासून टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यातून सुई घालायची. असं केलं की उभ्या रेघा उठतात आणि पट्टी रबरासारखी ताणली जाते. लांबी पुरी झाली की दोन्ही टोकं जोडा. जोडण्याआधी एक पीळ दिला तर समोर सुंदर गाठीसारखं दिसतं. पट्टी सैल बसली पाहिजे. केस आधीच नाजूक असतात, त्यांना ओढ बसता कामा नये.

दुसरी वस्तू म्हणजे झालरीचं रबर, ज्याला पोरी स्क्रंची म्हणतात. बाजारातलं साधं काळं जाड रबर घ्या. दोऱ्याने त्याला वेढत साठेक मुके खांब घाला. इथे कंजूषपणा करू नका. टाके कमी पडले तर रबर ताणलाच जात नाही. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन किंवा तीन खांब. टाके वाढले की झालर आपोआप उठते, वेगळी चुण पाडावी लागत नाही. हवी तर शेवटची फेरी दुसऱ्या रंगाची करा. या वस्तूची एक कथा आहे. रॉमी रेव्हसन नावाच्या अमेरिकन गायिकेचे केस रासायनिक उपचारांनी खराब झाले होते. टोचणारे, ओढणारे रबर तिला सोसेनात. पायजम्याच्या नाडीच्या जागी असलेलं इलॅस्टिक पाहून तिने कापडाने मढवलेलं मऊ रबर केलं आणि 1987 साली त्याचं पेटंट मिळवलं. म्हणजे आज पोरी जी फॅशन म्हणून मनगटात घालून फिरतात, ती मुळात दुखावलेल्या केसांसाठी निघाली होती. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने ते दोनदा सांगायला लावलं.

तिसरी वस्तू बो. वीस साखळ्या, त्यावर मुक्या खांबांच्या दहा-बारा ओळी, की झाला आयत. मधोमध चुण्या घालून दोऱ्याने घट्ट गुंडाळा आणि मागून टिकटिक क्लिप शिवा. आणि ते फूल, जे मला परत मिळालं: पाच साखळ्यांचं कडं, त्यात पाकळीसाठी मुका खांब, अर्धा खांब, दोन खांब, अर्धा खांब, मुका खांब. असं पाच वेळा. बालवाडीच्या मुलींना अतिशय आवडतं.

पट्टी दोन संध्याकाळींत झाली. पहिल्या दोन-चार ओळी मी केल्या, बाकीच्या तिने. टाके कुठे सैल, कुठे आवळलेले होते. मी उसवू का विचारलं, तर नको म्हणाली. बहिणीने शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला कारण सांगितलं, त्यांनी काळी पट्टी घालायला परवानगी दिली. बाराव्या दिवशी ती शाळेत गेली. पट्टीने केस उगवले नाहीत, ते त्यांच्या वेळेने, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आले. पण तोपर्यंत ती वर्गात बसली. शिवाय, "ही कुठून आणली?" असं मुलींनी विचारलं तेव्हा "मी केली" असं सांगता आलं. ज्या डोक्याकडे बघून लोक बोलतील अशी भीती होती, त्याच डोक्याकडे बघून मुली नमुना मागायला लागल्या. दिवाळीच्या सुट्टीत तिने चार मैत्रिणींना शिकवलं.

आता त्या दुखण्याकडे येते. मुली म्हणाल्या, "मावशी, आपण विकू या." मी एका दुकानदाराकडे नमुने घेऊन गेले. त्याला आवडले. म्हणाला, एका स्क्रंचीचे वीस रुपये देतो. मी घरी येऊन मुलींना वहीत हिशेब मांडायला लावला. रबर आणि दोरा बारा रुपये. उरले आठ. सरावलेल्या हाताला एक करायला चाळीस मिनिटं. म्हणजे तासाला बारा रुपये. खुरपायला गेलेल्या बाईलाही याच्या कितीतरी पट मजुरी मिळते. एक मुलगी म्हणाली, "पण आपण तर टीव्ही बघत बघतच करतो ना?"

हेच ते वाक्य. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी भागात नरसापूर नावाचं गाव आहे. तिथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस आणली आणि हजारो बायका ती करू लागल्या. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून पुस्तक लिहिलं, ते 1982 साली आलं. त्यांना दिसलं ते असं: बायका रोज सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणत होत्या, ती परदेशात जात होती, व्यापारी मोठे होत होते. पण बायकांना कामगार म्हणून कुणी मोजत नव्हतं. त्या "घरीच असतात", फावल्या वेळात विणतात, असं सगळे म्हणत. त्याही तसंच म्हणत. आणि म्हणून मजुरी अगदी तुटपुंजी.

एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वेटर यंत्रावर होतो, लेससारखं दिसणारं कापडही यंत्रावर होतं, पण खरा क्रोशा आजही हातानेच करावा लागतो. मॉलमध्ये क्रोशाचा टॉप स्वस्तात टांगलेला दिसला, तर समजा की कुठेतरी कुणा बाईचे तास त्यात फुकट गेले आहेत. तेव्हा मुलींनी ठरवलं: दुकानाला द्यायचं नाही. ओळखीत विकायचं, आणि पिशवीवर किती मिनिटं लागली ते लिहायचं. किंमत साठ रुपये. खप फार होत नाही, खरं सांगते. पण घासाघीस करणारी बाई "चाळीस मिनिटं" वाचते आणि जरा थांबते. आपल्या वेळेला किंमत असते, हे पंधराव्या वर्षी कळणं मला साठ रुपयांपेक्षा मोठं वाटतं. आमच्यातल्या कितीजणी अजून म्हणतात, "मी काही करत नाही, घरीच असते." त्यांच्या घरातले रुमाल, तोरणं, टोपडी मी पाहिली आहेत.

आता पुरुष मंडळींकडे वळते, कारण मागच्या रांगेत चुळबुळ दिसते आहे. हे बायकांचं काम असं मनात आणू नका. बैलाच्या तोंडाची मुसकी कोण विणत होतं? गोफण, शिंकं, कासरा, बेंदराला बैलांचे गोंडे? तुमचे आजोबाच. दोऱ्याच्या गाठी पुरुषांच्या हातात होत्याच. बैल गेले, ट्रॅक्टर आले, म्हणून हात रिकामे झाले. भाचीचा धाकटा भाऊ सहावीत आहे. त्याने क्रिकेटच्या चेंडूसाठी जाळीची पिशवी विणली. बहिणीपेक्षा टाका सरळ आहे.

शेवटी माझी मागणी. शाळेला आपण वर्गणी काढून काहीतरी भेट देणार आहोत. खुर्च्या द्या, संगणक द्या, जरूर द्या. त्यासोबत महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास एक वर्ग आम्हा मैत्रिणींना द्या. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, त्यांची हरकत नाही. आठवी-नववीच्या मुली आणि मुलगे, ज्यांना यायचं ते येतील. वीस सुया आणि सुती दोऱ्याचे गुंडे मी आज सोबत आणले आहेत, नावनोंदणीच्या टेबलावर पिशवी आहे. जिला साखळी घालता येते तिने तिथे नाव लिहावं. विसरले असं सांगू नका, हाताला ते आठवतं. आम्ही तिथे नुसतं क्रोशा शिकवणार नाही. एखादी मुलगी दोन शनिवार दिसली नाही, तर तिच्या घरी जाऊन, "बाळ का आलं नाही?" एवढं विचारणार आहोत. आमच्या चार मैत्रिणींच्या घरी त्या वेळी असं कुणी गेलं नव्हतं.

गुरुजनांना एक सांगायचं राहिलं. शिवणाच्या तासाला बाई म्हणायच्या, टाका चुकला तर लपवू नका, तिथपर्यंत उसवा आणि पुढे चला. आम्ही तेव्हा हसायचो. बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. तुमच्या त्या तासाचे मार्क निकालपत्रावर फारसे कुणी पाहिले नाहीत, पण तो तास वाया गेला नाही.

पंधरा मिनिटं झाली. माझ्यामागे बोलणाऱ्या मित्राचा वेळ खात नाही. पिशवी टेबलावर आहे.